मनगटातला ट्रॅफिक जाम: एनसीव्ही नॉर्मल, मग हात बधिर का?

(भागाचं शब्दांकन. बोललेलं थोडं आवरून घेतलंय, बाकी जसंच्या तसं.)

आज सुरुवातीलाच एक काम सांगते. फोन हातात असेल तर जरा खाली ठेवा. गाडी चालवत असाल तर अर्थातच नको, घरी गेल्यावर करा. उजवा हात पालथा न ठेवता उताणा ठेवा, तळवा वर. आता डाव्या हाताच्या बोटाने उजव्या अनामिकेला, म्हणजे करंगळीच्या शेजारच्या बोटाला, आधी करंगळीच्या बाजूने हळूच स्पर्श करा. मग मधल्या बोटाच्या बाजूने. दोन्हीकडे सारखंच कळतंय ना? बहुतेकांना सारखंच कळेल. पण ज्यांना अनामिकेची अर्धी बाजू चांगली आणि अर्धी बाजू कापूस गुंडाळल्यासारखी वाटते, त्यांनी आजचा भाग शेवटपर्यंत ऐका. हे एक बोट आज आपल्याला परत परत लागणार आहे.

माझी ओळख सांगते. मी न्यूरोलॉजी विभागात टेक्निशियन आहे. लोक ज्याला 'एनसीव्ही' म्हणतात, 'नसेला करंट देऊन बघतात ती टेस्ट', ती मी करते. नऊ वर्षं झाली. म्हणजे दिवसभर लोकांच्या हातापायांना बारीक बारीक शॉक देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. [हसते] पेशंट आत येताना घाबरलेला असतो, जाताना म्हणतो, एवढंच होतं होय.

आणि आजचा विषय निवडला तो माझ्या मावशीमुळे. मावशी इचलकरंजीला असते, शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म. जून महिन्यात तर रात्री अकरापर्यंत मशीन चालू. तीन वर्षांपूर्वी तिचा फोन आला, "अगं, रात्री दोन वाजता मुंग्यांनी जाग येते. उठून हात झटकत बसते. झटकला की बरं वाटतं, झोपले की परत तेच." मी म्हटलं, मावशी, टेस्ट करून घे. तिने तिकडेच एका ठिकाणी करून घेतली. रिपोर्ट आला, नॉर्मल.

आता घरात 'नॉर्मल' या शब्दाचा अर्थ काय होतो, तुम्हाला माहिती आहे. काका म्हणाले, "मशीनने सांगितलंय काही नाही म्हणून, उगाच मनाला लावून घेऊ नकोस." मग कोणीतरी म्हणालं मान आहे, म्हणून मानेचा पट्टा आला. मग मानेला ट्रॅक्शन. आठ महिने. या आठ महिन्यांत तिच्या हातातून सुई पडायला लागली, बटण लावताना धागा सुटायला लागला, आणि तिने काम कमी केलं. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. तिने स्वतःच मान्य करून टाकलं होतं की आपल्या डोक्यातच काहीतरी आहे.

दिवाळीला आली तेव्हा मी तिचा रिपोर्ट हातात घेतला. रिपोर्ट खोटा नव्हता, मशीन बिघडलेलं नव्हतं, करणाऱ्याने आकडे बरोबर काढले होते. फक्त जो प्रश्न विचारायला हवा होता, तो विचारलाच नव्हता. आज तेच सांगायचंय. हातातल्या नर्व्हचा वेग मोजायच्या पद्धती एक नाही, बऱ्याच आहेत, आणि कुठली वापरली यावर 'नॉर्मल' ठरतं.

आधी थोडं शरीर बघू. आपण 'नस' म्हणतो तेव्हा रक्ताची शीर, नर्व्ह, स्नायूची दोरी, सगळं एकाच टोपलीत टाकतो. आज मी 'नर्व्ह' म्हणते म्हणजे निरोप नेणारी तार. पंजात अशा तीन मुख्य तारा येतात. मीडियन, अल्नर आणि रेडियल. मीडियन अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. अल्नर करंगळी आणि अनामिकेची उरलेली अर्धी बाजू. कोपर दाराच्या कडेला आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती अल्नर. रेडियल पंजाच्या मागची बाजू, अंगठ्याकडची.

मीडियन मनगटात एका बोगद्यातून जाते, त्याला कार्पल टनेल म्हणतात. खाली आणि बाजूला मनगटाची हाडं, वरून एक जाड, चिवट पट्टा. आणि त्या बोगद्यात मीडियन एकटी नाही. बोटं वाकवणाऱ्या नऊ कंडरा तिच्यासोबत तिथूनच जातात. म्हणजे पॅसेंजरच्या डब्यात नऊ धिप्पाड माणसं आणि एक नाजूक म्हातारी. जरा कुठे सूज आली, की चेंगरते कोण? म्हातारी. गरोदरपणात, थायरॉइड कमी असेल तर, डायबेटिसमध्ये, संधिवातात, मनगटाचं हाड मोडून गेलेलं असेल तर, सतत थरथरणारं यंत्र धरणाऱ्यांमध्ये हे होतं. बायकांमध्ये जास्त दिसतं. आणि रात्री का वाढतं, तर झोपेत मनगट वाकलेलं राहतं आणि बोगद्यातला दाब वाढतो.

अल्नर मात्र या बोगद्यातून जात नाही. बाजूच्या वेगळ्या वाटेने जाते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढची सगळी गंमत यावरच आहे.

आता वेग. नर्व्हमधून निरोप किती वेगाने जातो हे मोजताच येणार नाही, असं एकोणिसाव्या शतकातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना वाटत होतं. योहानेस म्युलर हा त्या काळचा दिग्गज, त्याचंही तेच मत. आणि त्याच्याच शिष्याने, हर्मान हेल्महोल्ट्झने, 1850 मध्ये बेडकाच्या पायाच्या नर्व्हवर ते मोजून दाखवलं. युक्ती काय होती? एकाच नर्व्हला दोन ठिकाणी करंट द्यायचा, एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा लांब. स्नायू आकसायला लागणाऱ्या वेळेतला फरक काढायचा, आणि दोन जागांमधल्या अंतराला त्या फरकाने भागायचं. संपलं. आज पावणेदोनशे वर्षांनी मी जे करते ते मूळात तेच आहे, फक्त बेडकाच्या जागी तुम्ही आहात. बेडकात साधारण सेकंदाला तीस मीटरच्या आसपास वेग आला होता. निरोगी माणसाच्या हातात पन्नास ते साठ मीटर. म्हणजे ताशी 180 किलोमीटर आणि वर. एक्स्प्रेसवेवर कोणी एवढ्याने गेलं तर घरी चलन येतं.

हेल्महोल्ट्झनंतर हे तंत्र दवाखान्यात यायला जवळजवळ शंभर वर्षं गेली. 1940 च्या शेवटी शेवटी माणसाच्या त्वचेवरून हे सिग्नल नीट पकडता यायला लागले, आणि 1956 मध्ये सिम्पसन नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं की कार्पल टनेलच्या पेशंटमध्ये मीडियन नर्व्ह बरोबर मनगटापाशीच मंदावते. आपली टेस्ट तिथून सुरू झाली.

त्यांची पद्धत आजही आमची पहिली पायरी आहे. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो ना, त्यावर इलेक्ट्रोड चिकटवायचा. मनगटावर करंट द्यायचा. अंगठा टुणकन उडतो. करंट दिल्यापासून स्नायूचा सिग्नल उमटेपर्यंत किती वेळ गेला ते बघायचं. साधारण 4.4 मिलिसेकंदापर्यंत ठीक, त्याच्यावर गेलं तर उशीर. ही झाली मोटर टेस्ट. सोपी, ठणठणीत, सिग्नल मोठा मिळतो. पण हिची अडचण अशी की हालचालीचे तंतू त्रास सुरू झाल्यावर सहसा उशिरा बिघडतात. आधी मार बसतो तो स्पर्शाच्या तंतूंना. म्हणजे मोटर टेस्टवरच थांबलात तर सुरुवातीचे पेशंट हातातून निसटले.

म्हणून दुसरी पायरी, सेन्सरी. बोटाला दोन स्प्रिंगसारख्या कड्या घालायच्या, तिथून 14 सेंटिमीटर मागे मनगटाच्या वर करंट द्यायचा आणि बोटावर येणारा सिग्नल पकडायचा. (उलटंही करता येतं, बोटाला करंट आणि मनगटावर नोंद. निरोपाची खरी दिशा तीच आहे. पण सिग्नल लहान येतो. बऱ्याच लॅबमध्ये पहिलीच पद्धत चालते.) इथे सिग्नल मायक्रोव्होल्टमध्ये असतो. मोटरच्या मानाने म्हणजे ढोलाशेजारी कुजबुज. मशीनला अनेक शॉकची सरासरी काढावी लागते, आणि पेशंटने हात ताठ धरला, तर स्नायूंचाच आवाज येतो. म्हणून आम्ही सारखं "हात सैल सोडा, काका, सैल" म्हणत असतो.

मावशीच्या पहिल्या रिपोर्टमध्ये एवढ्या दोनच गोष्टी होत्या. मोटर 4.1. सेन्सरी 3.4, मर्यादा 3.5. दोन्ही हद्दीच्या आत. शिक्का, नॉर्मल.

आता इथे थांबू आणि हिशोब करू. कागद लागणार नाही. 14 सेंटिमीटर अंतर, वेग सेकंदाला 50 मीटर धरा. किती वेळ लागेल? 2.8 मिलिसेकंद. आता समजा, बोगद्याच्या 3 सेंटिमीटरमध्ये नर्व्ह दबली आहे आणि तिथे वेग निम्मा झालाय. नीट ऐका, निम्मा. म्हणजे बिघाड चांगलाच आहे. त्या 3 सेंटिमीटरला 0.6 मिलिसेकंद लागायचे तिथे 1.2 लागले. एकूण किती? 3.4. आणि 3.4 ला रिपोर्ट काय म्हणतो? नॉर्मल!

पुणे ते मुंबई गाडीने जाताना फक्त खंडाळ्याच्या घाटात जाम असला, तर पोचायला तासभर उशीर होतो. पण पोचल्यावर मी फक्त एकूण वेळ सांगितला, "चार तास लागले", तर ऐकणारा म्हणेल, हो, लागतात कधीकधी. कोणी हळू चालवतं, कोणी चहाला थांबतं. चार तासांवरून घाटात जाम होता हे सिद्ध होत नाही. माणसामाणसांत एवढा फरक असतो की मर्यादा सैल ठेवावी लागते. वय वाढलं की वेग थोडा कमी, उंच माणसात थोडा कमी, आणि थंड हातात तर विचारूच नका.

थंड हाताचं आलंच आहे तर माझी चूक सांगून टाकते. मी नवीन होते, पहिलंच वर्ष. जानेवारी महिना, एक बाई सकाळी स्कूटरवरून वीस-पंचवीस किलोमीटर आल्या होत्या, वर आमच्या खोलीत एसी. मी भराभर टेस्ट केली. मीडियन चांगलीच मंद आली. मी खूश, पकडलं! रिपोर्ट बनवून सरांकडे नेला. सरांनी आकडे पाहिलेच नाहीत. एकच विचारलं, "हाताचं तापमान किती होतं?" मी गप्प. मोजलंच नव्हतं. परत बोलावून मोजलं तर 27 अंश. हात 32 च्या आसपास हवा. एका अंशाला साधारण दोन मीटर वेग घसरतो. पाच अंशांचे दहा मीटर झाले. कोमट पाण्यात हात बुडवून, पुसून, परत टेस्ट केली. नॉर्मल. त्यांना ऑपरेशनचा सल्ला मिळू शकला असता, माझ्यामुळे. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर थर्मामीटर आणि खाली पाण्याची बादली. थंड हातात सिग्नलची उंची उलट वाढलेली दिसते, हीसुद्धा एक खूण आहे. मंद आणि तरी टोलेजंग सिग्नल दिसला की आधी हात धरून बघायचा.

तर अडचण अशी. एकूण वेळ मोजला तर घाटातला जाम लपतो, आणि वय, उंची, थंडी यांचा गोंधळ वेगळाच. यावर उपाय काय?

एक उपाय, रस्ता छोटा करा. 14 सेंटिमीटरऐवजी 8 घ्या. तळव्यावर करंट द्यायचा आणि मनगटावर सिग्नल पकडायचा. बोगदा तेवढाच तीनचा, पण आता तो चौदातले तीन नाही, आठातले तीन आहे. उशीर जास्त उठून दिसतो. याचंच टोक म्हणजे 'इंचिंग'. जपानी वंशाचे डॉक्टर जून किमुरा यांनी 1979 मध्ये हे मांडलं. मनगटापासून तळव्याकडे एकेक सेंटिमीटर सरकत करंट देत जायचं. निरोगी नर्व्हमध्ये प्रत्येक सेंटिमीटरला 0.16 ते 0.21 मिलिसेकंद लागतात, पायऱ्या सारख्या. दबलेल्या जागी एकदम मोठी उडी दिसते. म्हणजे जाम नुसता आहे एवढंच नाही, कुठल्या वळणावर आहे तेही कळतं. मला ही पद्धत फार आवडते, आणि तरी मी ती रोज करत नाही. कारण? एकेक सेंटिमीटरचं माप आहे, माझा हात दोन मिलिमीटर सरकला की पाचवा हिस्सा चूक. शिवाय करंट थोडा जास्त झाला तर तो पुढच्या पायरीलाच नर्व्हला पेटवतो. तळव्याची कातडी जाड, करंट जास्त लागतो, पेशंट वैतागतो. बाहेर बावीस नंबर वाट बघत असतात.

दुसरा उपाय मला खरा हुशारीचा वाटतो. दोन रस्त्यांची तुलना. आता अनामिका परत काढा. हे असं बोट आहे जिथे दोन एसट्या येतात. एक घाटातून, म्हणजे मीडियन. दुसरी घाट टाळून, म्हणजे अल्नर. स्टँड तेच, गाव तेच, अंतर तेच 14 सेंटिमीटर. हवा तीच, हात तोच, माणूस तोच. दोन्ही एसट्या एकाच वेळी सोडल्या आणि घाटातली उशिरा पोचली, तर दोष कोणाचा? ड्रायव्हरचा नाही, पावसाचा नाही. घाटाचाच. हात थंड असेल तर दोन्ही मंदावतील, फरक बराचसा तोच राहील. वय, उंची, सगळं आपोआप वजा होतं. निरोगी हातात हा फरक 0.4 मिलिसेकंदाच्या वर सहसा जात नाही. मर्यादा किती घट्ट झाली बघा. एकाच नर्व्हसाठी 3.5 पर्यंत ढील, आणि इथे नुसता 0.4.

याच तत्त्वावर अजून दोन आहेत. अंगठ्यावर मीडियन आणि रेडियल दोन्ही येतात, 10 सेंटिमीटरवर त्यांची तुलना. आणि तळव्यावर मीडियन-अल्नरची तुलना, 8 सेंटिमीटरवर. मावशीचा हात मी आमच्याकडे घेतला तेव्हा, हात गरम करून हं, तिन्ही केल्या. अनामिकेत मीडियन 3.4, अल्नर 2.8. फरक 0.6. तळव्यावर 2.2 आणि 1.7, फरक 0.5. अंगठ्यावर 2.8 आणि 2.3, तिथेही 0.5. तिचे मीडियनचे आकडे एकटे बघितले तर आजही हद्दीच्या आतच! पण शेजारणीशी तुलना केली की तिन्ही ठिकाणी मागे.

या पद्धतींची परीक्षा झालेली आहे. 2002 मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी तोपर्यंतचे अभ्यास एकत्र करून अहवाल काढला. लक्षणांवरून कार्पल टनेल आहे असे शंभर हात घेतले, तर नुसती मोटर टेस्ट साधारण 63 पकडते. बोटाची साधी सेन्सरी 65. आणि अनामिकेची तुलना 85 च्या आसपास. निरोगी हाताला उगाच आजारी ठरवण्याचं प्रमाण तिन्हींत थोडंच, दोन-तीन टक्के. म्हणजे पहिल्या दोनच टेस्टवर थांबलं की तीनातला एक माणूस 'नॉर्मल' म्हणून घरी जातो. माझ्या मावशीसारखा.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्याच टेस्ट करा ना सगळ्यांच्या! मलाही आधी असंच वाटायचं. पण यात एक खड्डा आहे. प्रत्येक टेस्ट शंभर निरोगी लोकांतल्या तिघांना चुकून आजारी म्हणते. तीन टेस्ट केल्या आणि 'एक जरी बिघडली तरी आजार' असं ठरवलं, तर वाईटात वाईट नऊ निरोगी लोक अडकतात. जास्त जाळी टाकली की मासे जास्त येतात, पण चप्पलही येते. सिएटलच्या लॉरेन्स रॉबिन्सन यांनी 1998 मध्ये यावर साधा तोडगा काढला. तिन्ही फरकांची बेरीज करा, आणि बेरजेवरूनच निकाल द्या. बेरीज 0.9 पर्यंत असेल तर सोडा, त्याच्यावर गेली तर पकडा. एखादं माप इकडचं तिकडे झालं तरी बेरजेत ते बुडतं. त्यांच्या अभ्यासात या बेरजेने शंभरातले 83 पकडले, आणि त्यातली एकेक टेस्ट सुटी वापरली तर 70 ते 76. मावशीची बेरीज? 0.6, 0.5, 0.5. 1.6.

एक पद्धत उलट्या टोकासाठी आहे, तीही सांगते. काही लोक इतक्या उशिरा येतात की अंगठ्याचा उंचवटा सपाट झालेला असतो, बोटावर सेन्सरी सिग्नलच येत नाही. सिग्नलच नाही तर तुलना कशाची? दबल्यावर आधी तारेवरचं आवरण बिघडतं, म्हणून वेग कमी होतो. दाब तसाच राहिला तर आतली तारच मरते, मग सिग्नलची उंची पडते आणि शेवटी सपाट रेघ. अशा हातात तळव्याच्या मधोमध एक इलेक्ट्रोड लावतात. तिथे एकाखाली एक दोन छोटे स्नायू आहेत, लम्ब्रिकल मीडियनचा आणि इंटरॉसिअस अल्नरचा. लम्ब्रिकलकडे जाणारे तंतू बरेचदा शेवटपर्यंत तग धरतात. एकाच इलेक्ट्रोडवर, सारख्याच अंतरावरून दोघांचा वेळ घ्यायचा. सौम्य आजारात ही टेस्ट कमी पडते, त्या अहवालात तिचा आकडा 56 आहे. पण बाकी सगळं बंद पडलेल्या हातात दिव्यासारखी उपयोगी पडते.

आणि तुलनेच्या पद्धतीचा एक कच्चा दुवा, नाहीतर मी तिची जाहिरात करतेय असं वाटेल. शेजारीण स्वतः आजारी असेल तर? डायबेटिसमध्ये सगळ्याच नर्व्ह मंदावू शकतात, अल्नर कोपरापाशी वेगळी दबलेली असू शकते. मग फरक लहान दिसतो आणि आपण फसतो. आपल्याकडे अजून एक गोष्ट विसरायची नाही, कुष्ठरोग. तो अल्नरला फार आवडीने धरतो. मीडियन-अल्नर दोन्ही बिघडलेल्या दिसल्या की आमचे सर आधी कोपराच्या मागे बोटाने नर्व्ह चाचपून बघतात, जाड झालीये का, आणि अंगावर बधिर चट्टा आहे का. हे मशीन सांगत नाही. आणि कुष्ठरोग औषधाने बरा होतो, म्हणून तो वेळेत ओळखणं फार महत्त्वाचं.

हल्ली छोटी हातात मावणारी मशीनंही आहेत, तयार इलेक्ट्रोडची पट्टी चिकटवा, बटण दाबा, आकडा घ्या. कंपनीत एकदम दोनशे कामगार तपासायचे असतील तर मला चालतील. पण माझं मत विचाराल तर लाट डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी आकड्यावर विश्वास ठेवत नाही. सोनोग्राफीत मनगटापाशी सुजलेली मीडियन दिसते, दुखत नाही, शॉक नाही. पण ती आकार सांगते, निरोप कसा जातोय हे नाही. दोन्ही एकमेकींना धरून वापरायच्या.

तुमच्यापैकी कोणाचा असा रिपोर्ट घरात पडला असेल, तर काढून बघा. फक्त मीडियनचेच आकडे आहेत की अनामिका, तळवा, अंगठा यांची तुलनाही आहे? हाताचं तापमान लिहिलंय का? आणि दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून "वाढलं की कमी झालं" असं स्वतःच ठरवू नका. एकाने 13 सेंटिमीटर घेतले असतील, दुसऱ्याने 14. एकाने लाटेची सुरुवात धरली असेल, दुसऱ्याने लाटेचं टोक. आकडा बदलेल, हात तोच असेल. डॉक्टरांना विचारताना भांडायला जाऊ नका, नुसतं विचारा, "तुलनेची टेस्ट केली आहे का?" तेवढ्यावर समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो, हा माझा अनुभव. आणि सगळ्या टेस्ट करूनही नॉर्मल आलं, पण लक्षणं अगदी ठरलेली असतील, रात्री मुंग्या, हात झटकून बरं वाटणं, करंगळी सुटी, तरीही चांगले डॉक्टर उपचार सुरू करतात. 85 म्हणजे 100 नव्हे.

मावशीचं काय झालं, ते विचारायला तुम्ही मेसेज करणारच, म्हणून सांगते. आजार सौम्य होता. ऑपरेशन नाही. मनगट सरळ ठेवणारी पट्टी, रात्री झोपताना. शिवण दिवसातून तुकड्यातुकड्याने. थायरॉइड तपासलं, थोडं बिघडलेलं निघालं, गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी रात्रीची जाग थांबली. मानेचा पट्टा तिने माळ्यावर टाकला.

रिपोर्ट हातात दिला त्या दिवशी ती जास्त काही बोलली नाही. बेरजेचा आकडा कुठे लिहिलाय ते मला विचारलं, त्याच्याखाली पेनने रेघ मारून घेतली, आणि म्हणाली, "हा कागद तुझ्या काकांना दाखव गं. मी नाही दाखवणार, तू दाखव."

दाखवला मी. काकांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, काही कळलं नसणार. मग उठले आणि मशीनवरच्या दिव्याचा बल्ब बदलायला लागले, जो ती सहा महिने सांगत होती.

चला, पुढच्या भागात पायाच्या नर्व्ह घेऊ. हाताचे प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. टाइप करू नका, मनगटाला आराम द्या. [हसते] भेटू.